घार तासन्‌तास पंख न हलवता कशी उडते? आणि दीडशे ग्रॅमचा ससाणा अरबी समुद्र कसा ओलांडतो?

नेरळहून कळंबकडे निघालं की वाटेत पोशीर लागतं. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला भीमाशंकरकडे गेलेली सह्याद्रीची भिंत आणि मधे भातखाचरं. मार्चमध्ये दुपारी अकरा-बाराच्या सुमारास इथे मान वर केली, तर घारी गोल गोल फिरताना हमखास दिसतात. त्यातली एक निवडा आणि पाच मिनिटांत ती किती वेळा पंख मारते ते मोजा. बऱ्याचदा बोटं मोजायचीही वेळ येत नाही.

मग प्रश्न पडतो. पंख मारत नाही, तर ती खाली का येत नाही? उलट ती वर वर कशी जाते?

पक्ष्यांच्या लांब उड्डाणाबद्दल आपला पहिला अंदाज असतो की त्यांच्या पंखांत भयंकर ताकद असावी. ताकद असतेच. पण तासन्‌तास, दिवसेंदिवस हवेत राहणारे पक्षी ताकदीपेक्षा काटकसरीवर जगतात. काही पक्षी हवेकडून फुकट ऊर्जा घेतात, काही सोबत इंधन बांधून निघतात. आणि या दोन्ही गोष्टींची खरी गंमत बघायला कर्जत-खालापूरच्या आसपासचं आकाश फार चांगलं आहे.

गरम हवेची फुकट लिफ्ट

ऊन चढलं की सगळी जमीन सारखी तापत नाही. कापणी झालेलं कोरडं खाचर, काळा कातळ, डांबरी रस्ता, पत्र्याची शेड हे लवकर तापतं. झाडी, नदीचं पात्र, ओलसर जागा उशिरा तापते. तापलेल्या जागेवरची हवा गरम होते, हलकी होते आणि फुगा सुटावा तशी वर निघते. पॅराग्लायडिंगवाले या वर जाणाऱ्या झोताला थर्मल म्हणतात. चांगला थर्मल सेकंदाला दोन-तीन मीटर वेगानेही वर चढतो.

आता घारीचं गणित बघा. पंख पसरून तरंगणारा कुठलाही पक्षी खरं तर सतत खालीच येत असतो, फक्त अगदी सावकाश. समजा ती सेकंदाला एक मीटर खाली घसरतेय आणि तिच्याभोवतीची हवा सेकंदाला दोन मीटर वर जातेय. मग ती सेकंदाला एक मीटर वर जाणार. वर जाणाऱ्या जिन्यावर उभं राहून एकेक पायरी खाली उतरण्यासारखं आहे हे. तुम्ही उतरत असता, तरी वरच पोचता.

थर्मल म्हणजे हवेचा जेमतेम काही मीटर ते काहीशे मीटर रुंदीचा खांब. सरळ उडत राहिलं तर त्यातून लगेच बाहेर पडायला होतं, म्हणून घिरट्या. गावाकडे घारी घिरट्या घालायला लागल्या की खाली काहीतरी मेलं असेल असं म्हणतात. कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा ती घार फक्त लिफ्टमध्ये उभी असते.

पुरेशी उंची मिळाली की ती घिरट्या सोडते आणि पंख किंचित मागे घेऊन सरळ घसरत पुढच्या थर्मलकडे जाते. तिथे पुन्हा वर. ग्रिफन जातीचं मोठं गिधाड एक मीटर उंची खर्च करून साधारण पंधरा मीटर पुढे जाऊ शकतं. म्हणजे हजार मीटर उंची कमावली की पंधरा किलोमीटरची सोय झाली. नेरळ स्टेशन ते कर्जत स्टेशन हे अंतर त्यापेक्षा थोडं कमीच भरेल.

यात कमाल केली ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन काँडॉरने. दहा-पंधरा किलो वजनाचं हे धूड. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काँडॉरच्या अंगावर प्रत्येक पंखफडक मोजणारी यंत्रं बसवली होती. एकूण उड्डाणाच्या वेळेपैकी पंख मारण्यात गेलेला वेळ होता सुमारे एक टक्का. तोही मुख्यतः जमिनीवरून उठताना. एक काँडॉर तर पाच तासांहून जास्त वेळ, जवळपास १७२ किलोमीटर, एकदाही पंख न मारता उडाला.

आपल्याकडे हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर बोरघाट चढून कामशेतला जा. तिथे ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पॅराग्लायडिंग चालतं. थर्मल डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तिथले अनुभवी पायलट आधी घारी कुठे फिरताहेत ते बघतात आणि तिकडे वळतात.

राब, वीटभट्टी आणि कडा

पोशीर-कळंब भागात उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, कवळं पसरून पेटवतात, म्हणजे पावसाळ्यात तिथे भाताची रोपं जोमाने येतात. राब पेटला की घारी आणि कोतवाल जमतात. आगीतून पळणारे किडे हे मोठं कारण आहेच, पण आगीवरची गरम हवाही घारीला वर धरते. तीच गोष्ट वीटभट्टीची. गरम हवेला ती कशाने तापली याचं काही सोयरसुतक नसतं.

दुसरी फुकटची सोय म्हणजे डोंगराचा कडा. वारा सपाट मैदानावरून येऊन कड्यावर आदळला की त्याला वर चढण्यावाचून वाट नसते. कड्याच्या कडेने अशी वर जाणारी हवेची पट्टी तयार होते. माथेरानच्या एखाद्या पॉइंटवर उभे असाल आणि घार तुमच्या डोळ्यांच्या रेषेत, जवळजवळ जागच्या जागी थांबलेली दिसली, तर ती या पट्टीवर बसलेली आहे असं समजा. इथे घिरट्यांची गरज नसते. वारा चालू आहे तोवर कड्याला समांतर इकडून तिकडे जायचं.

पावसाळ्यात ढग दाटून आले की ऊन नाही, म्हणून थर्मलही नाहीत. त्या दिवसांत घारी भिजलेल्या अंगाने खांबावर, झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या दिसतात. आळस नसतो तो. लिफ्ट बंद असते.

याच कारणाने मोठे शिकारी पक्षी आणि गिधाडं पहाटे उडत नाहीत. ती ऊन तापायची वाट बघतात. चिमणीला असं थांबावं लागत नाही, कारण तिला स्वतःचं काही ग्रॅमचं वजन पंख मारून उचलणं परवडतं. पक्षी जितका जड, तितकं पंख मारून उडणं महाग होत जातं. पाच किलोच्या गिधाडाने दिवसभर पंख मारायचे ठरवले, तर त्याला मिळणारं अन्न त्या खर्चालाही पुरणार नाही.

स्वस्त उड्डाणाने गिधाडांचा घात कसा केला

हा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तो आपल्या गोठ्यापर्यंत येतो.

गिधाड मेलेलं जनावर शोधतं ते नजरेने. आकाशात एकमेकांपासून लांब लांब पसरून ती तरंगत असतात. खाली जनावर दिसलं की एक उतरतं. शेजारचं त्याला उतरताना बघतं आणि तेही वळतं, त्याला बघून तिसरं. असं करत कितीतरी लांबची गिधाडं थोड्याच वेळात एका जागी जमतात. हे जमतं ते तरंगणं जवळजवळ फुकट असल्यामुळेच.

१९९० च्या दशकात जनावरांना ताप आणि सुजेवर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सर्रास दिलं जाऊ लागलं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती काही दिवसांत मरत. अभ्यासकांनी हिशोब केला तेव्हा दिसलं, की शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत विषारी ठरेल इतकं औषध असलं, तरी भारतातली गिधाडं संपायला ते पुरेसं होतं. कारण एका जनावरावर फक्त त्या गावची गिधाडं येत नाहीत, सगळ्या पंचक्रोशीच्या पलीकडची येतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक या औषधांवरही जनावरांच्या वापरासाठी बंदी घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेलं औषध उपलब्ध आहे. घरी गाय-म्हैस असेल तर डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. रायगड जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला स्थानिक लोक आणि सीस्केप ही संस्था गिधाडांसाठी बरीच वर्षं काम करताहेत, त्यामुळे ही औषधं आपल्या जिल्ह्यात जास्तच महत्त्वाची.

समुद्रावर लिफ्ट नाही, मग काय?

आता दुसरा प्रकार. पाणी जमिनीसारखं भराभर तापत नाही, म्हणून समुद्रावर जमिनीसारखे जोरदार थर्मल सहसा मिळत नाहीत. तरंगत प्रवास करणारे करकोचे आणि गरुड म्हणून शक्यतो समुद्र टाळतात. युरोपातून आफ्रिकेत जाणारे करकोचे भूमध्य समुद्र सरळ ओलांडायचं सोडून जिब्राल्टर किंवा इस्तंबूलच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून लांबचा वळसा घालतात.

पण असा वळसा न घालणारा एक पाहुणा आपल्या शेजारी येतो. अमूर ससाणा. वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे हातातल्या मोबाइलपेक्षाही कमी. उत्तर चीन, मंगोलिया, पूर्व रशिया या भागात पिल्लं वाढवायची आणि हिवाळ्यासाठी दक्षिण आफ्रिकेपर्यंत जायचं, असा याचा दरवर्षीचा शिरस्ता. वाटेत ईशान्य भारतात मोठा मुक्काम, मग भारताचा द्वीपकल्प आडवा कापून अरबी समुद्र. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरमध्ये मुंबई-पुण्याचे पक्षीनिरीक्षक लोणावळ्याच्या माळांवर दुर्बिणी घेऊन उभे असतात ते याच्यासाठी. पोशीरहून बघितलं तर हे माळ घाटमाथ्यापलीकडेच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मणिपूरमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला माहिती पाठवणारी छोटी यंत्रं बसवली. नावं ठेवली अपापांग, अलांग आणि आहू. अपापांग हा नर सुमारे ६,१०० किलोमीटर उडून सहा दिवस आठ तासांत केनियात पोचला. सरासरी काढली तर ताशी ४० किलोमीटर. एसटीचा वेग म्हणा हवं तर, पण रात्रंदिवस, आणि निम्मा रस्ता पाण्यावरून. अलांग ही तिघांतली सर्वांत लहान मादी. तिने तेलंगणात एक रात्र काढली, मग महाराष्ट्रात जेमतेम तीन तास थांबली आणि समुद्रावर निघाली. सुमारे ५,६०० किलोमीटरसाठी तिला सहा दिवस चौदा तास लागले.

ससाणा काही फक्त तरंगत हे अंतर कापत नाही. त्याला पंख मारावे लागतात. मग त्याला पुरतं कसं?

टाकी भरून निघायचं

पहिलं उत्तर आहे चरबी. एक ग्रॅम साखरेतून सुमारे चार किलोकॅलरी ऊर्जा मिळते, एक ग्रॅम चरबीतून नऊ. शिवाय शरीरात साखर साठवायची तर सोबत पाणीही साठवावं लागतं, चरबी जवळजवळ कोरडी साठते. त्यामुळे वजनाच्या हिशोबात चरबी कितीतरी पटींनी सरस ठरते. आपल्याला पोटाचा घेर हा त्रास वाटतो, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला तो इंधनाची टाकी असतो.

अमूर ससाणे मणिपूर-नागालँडमध्ये थांबतात तो काळ वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडण्याचा असतो. ससाणे या उडत्या वाळवीवर अक्षरशः तुटून पडतात आणि काही दिवसांत गुबगुबीत होतात. पुढे समुद्रावर त्यांना चतुर भेटत असावेत असा एक अंदाज आहे. पावसाळ्यानंतर भातखाचरांवर थव्याने उडणारे पिवळसर चतुर तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यातली एक जात भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जाते, असं मांडणारा शोधनिबंध चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ससाण्यांचा आणि चतुरांचा काळ, वाट आणि दिशा जुळते. चालत्या गाडीत जेवणाचा डबा मिळावा तसं.

दुसरं उत्तर आहे वारा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अरबी समुद्रावर वारे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, म्हणजे भारताकडून आफ्रिकेकडे वाहतात. ससाणा त्या वाऱ्यावर स्वार होतो. महिनाभर आधी तोच प्रवास त्याला जड गेला असता. उन्हाळ्याअखेर वारे उलटतात, नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात. आपला चातक नेमका तेव्हा, पावसाच्या तोंडावर कोकणात येतो. चातक पावसाला बोलावतो ही आपली जुनी समजूत. पावसाचे ढग घेऊन येणारा वाराच त्यालाही आफ्रिकेकडून घेऊन येतो असं मानलं जातं. हेही कमी सुंदर नाही.

एकदाराची खोली आणि दुदारी पडवी

इंधन आहे, पण ते जाळायला ऑक्सिजन हवा. इथे पक्ष्यांचं शरीर आपल्यापेक्षा खूप पुढे आहे.

आपलं फुप्फुस म्हणजे एकाच दाराची खोली. हवा ज्या दाराने आत येते त्याच दाराने बाहेर जाते, आणि थोडी शिळी हवा आत राहूनच जाते. पक्ष्याच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. या पिशव्या भात्यासारखं काम करतात. त्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. पक्षी श्वास घेतो तेव्हाही ताजी हवा फुप्फुसातून जाते आणि सोडतो तेव्हाही. समोरासमोर दोन दारं असलेल्या पडवीत वारा कसा खेळता राहतो, तसं.

उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर अशा पाणथळ जागी हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, ओळखायला सोपे. हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी सात हजार मीटरहून उंच उडल्याच्या नोंदी आहेत. त्या उंचीवर हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट पकडतं, म्हणून त्यांचं भागतं.

स्नायूंचा फरक तर चिकनच्या दुकानात दिसतो. कोंबडीच्या छातीचं मांस पांढरट असतं, पायाचं गडद. कोंबडी दिवसभर चालते, पण उडते फक्त जीव वाचवायला, क्षणभर. पांढरे स्नायू झटक्याच्या कामाचे, गडद स्नायू दमाच्या कामाचे. लांब उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीचे स्नायू गडद लाल असतात. त्यांना भरपूर रक्तपुरवठा असतो आणि ते चरबी थेट जाळतात. चरबी जळताना पाणीही तयार होतं, एक ग्रॅम चरबीमागे साधारण एक ग्रॅम. समुद्रावर दिवसेंदिवस पाणी न पिता उडणाऱ्याला हा मोठाच आधार.

या सगळ्याचं टोक म्हणजे गॉडविट हा लांब चोचीचा किनारपक्षी. अलास्काहून निघण्याआधी याचं निम्म्याहून अधिक वजन चरबीचं होतं, आणि वाटेत न लागणारी आतडी, पोट वगैरे अवयव आक्रसून लहान होतात. जादा सामान घरी ठेवूनच निघायचं. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर सलग उडाला. अकरा दिवस, कुठेही न उतरता.

मग झोपतात कधी?

सोशल मीडियावर हा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर खरोखर मजेशीर आहे. गालापागोस बेटांवरच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूची हालचाल नोंदवणारी यंत्रं बसवून निल्स राटेनबोर्ग यांच्या चमूने २०१६ मध्ये दाखवून दिलं की हे पक्षी उडताना झोपतात. कधी मेंदूचा अर्धाच भाग झोपतो आणि एक डोळा उघडा राहतो, कधी दोन्ही भाग काही सेकंद झोपतात. पण एकूण झोप किती? दिवसाला सरासरी ४२ मिनिटं. जमिनीवर असताना हेच पक्षी बारा तासांहून जास्त झोपतात. म्हणजे झोपेची उधारी असते, माफी नसते.

पावसाळ्यात वादळी वारे सुटले की एखादा फ्रिगेट पक्षी कोकणच्या किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर भरकटून येतो आणि त्याचे फोटो फिरायला लागतात. तो तोच.

हवेत राहण्याचा विक्रम मात्र पाकोळ्यांचा. आल्पाइन स्विफ्ट या मोठ्या पाकोळ्या सलग २०० दिवस हवेत राहिल्याचं २०१३ मध्ये सिद्ध झालं. याच जातीच्या पाकोळ्या सह्याद्रीच्या कड्यांवर, किल्ल्यांवर सूं आवाज करत कानाजवळून जातात. कॉमन स्विफ्ट या त्यांच्या युरोपातल्या नातलगाने २०१६ च्या अभ्यासात दहा महिन्यांचा आकडा गाठला. खाणं, पिणं, विश्रांती, सगळं हवेतच.

थव्यात माळ का करतात?

संध्याकाळी बगळ्यांची माळ आभाळातून जाते ती शोभेसाठी नसते. पंखाच्या टोकामागे हवेचा भोवरा तयार होतो आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला हवा वर उचलली जाते. मागचा पक्षी नेमका तिथे आपला पंख ठेवतो. प्रशिक्षित पेलिकनवर केलेल्या २००१ च्या अभ्यासात, थव्यात उडणाऱ्यांचे हृदयाचे ठोके एकट्याने उडणाऱ्यांपेक्षा ११ ते १४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे राहणं कष्टाचं असतं, म्हणून पक्षी जागा बदलत राहतात.

ठाणे खाडीत येणारे रोहितही अशाच रांगांत उडतात, आणि लांबचा प्रवास बहुधा रात्री करतात. २०२२ मध्ये बीएनएचएसने खाडीतल्या काही रोहितांना उपग्रह-यंत्रं बसवली, तेव्हा ते गुजरातेत जाताना दिसले. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ रात्री उतरणाऱ्या विमानाला त्यांचा थवा धडकला आणि तीसहून जास्त पक्षी मेले. एकमेकांच्या पंखाला पंख लावून उडणारी रांग धडकली तर एक-दोन पक्षी जात नाहीत, रांगच जाते.

टाकी भरायची जागाच गेली तर

इंधन बांधून उडणाऱ्या पक्ष्याचं सगळं गणित शेवटच्या मुक्कामावर असतं. अलांग महाराष्ट्रात तीन तास थांबली. त्या तीन तासांत तिने काय खाल्लं किंवा फक्त दम घेतला, हे यंत्र सांगत नाही. पण ती ज्या झाडावर किंवा माळावर उतरली ते तिथे नसतं, तर तिला तसंच पुढे जावं लागलं असतं, आणि पुढे तीन हजार किलोमीटर पाणी.

२०१२ च्या हिवाळ्यात नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून लाखाहून अधिक अमूर ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता. मुक्कामाच्या जागी पक्षी एकवटतात, म्हणून मारणंही सोपं जातं. पांगटी आणि आसपासच्या गावांनी दुसऱ्याच वर्षी ही शिकार बंद केली. २०१३ मध्ये यंत्रं बसवलेल्या पहिल्या तीन ससाण्यांना नागा, वोखा आणि पांगटी अशी नावं दिली गेली. गावकऱ्यांनी एका हंगामात जे केलं ते बघता, लोणावळ्याच्या गवताळ माळांबद्दल आपण काय करतो हे विचारायला हरकत नाही. तिथे धोका जाळ्यांचा नाही. तिथे माळाला पडीक जमीन म्हणतात आणि प्लॉट पाडतात. गवत गेलं की नाकतोडे गेले, नाकतोडे गेले की ससाणा तिथे उतरायचं कारण संपलं. खाली कर्जत-नेरळ पट्ट्यात फार्महाऊसच्या कुंपणांआड खाचरं जाताना आपण बघतोच आहोत.

जमिनीवर पडलेला पक्षी सापडला तर

पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला दमलेले पक्षी अंगणात, रस्त्यावर सापडतात. बरेच लोक चांगल्या मनाने त्यांना हवेत उंच फेकतात. तसं करू नका. पक्षी दमलेला किंवा जखमी असेल तर तो दगडासारखा खाली येतो.

चोच उघडून पाणीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती कापड अंथरा, पक्षी अलगद ठेवून झाकण लावा आणि खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. कुत्र्या-मांजरांपासून आणि मोबाइल घेऊन आलेल्या गर्दीपासूनही लांब. मग वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट या १९२६ क्रमांकावर फोन करा.

पाकोळी सापडली तर तिचे पाय बघून ती अपंग आहे असं वाटेल. तिचे पाय मुळातच तेवढे छोटे असतात, भिंतीला लटकण्यापुरते. सपाट जमिनीवरून तिला उठणं अवघड जातं, इतकंच.